सांता रीताचा वरवंटा

सकाळी उल्का आंघोळ करून दिवा लावायला आली, तर देव्हाऱ्यात एक पाहुणा वाढला होता. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा दोघं कडेला सरकले होते आणि मधोमध वीतभर लांबीचा, करड्या रंगाचा, भोकाभोकांचा दगड आडवा पडला होता. त्याला हळद-कुंकू वाहिलेलं, वर शेवंतीचं फूल, पुढे खडीसाखर.

"अनघाताई, हा इथे कसा आला?"

"कसा म्हणजे? मी ठेवला." अनघाताई सोफ्यावर बसून गजऱ्याची गाठ सोडवत होत्या. उल्काच्या नवऱ्याची, प्रबोधची, ही थोरली बहीण भाच्याच्या साखरपुड्यासाठी पुण्याहून येऊन चार दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत सिंगापूरमधल्या पुंगोलच्या त्या फ्लॅटमधली एकही वस्तू आपल्या जागी राहिली नव्हती. "विहीणबाईंनी काल दिला ना? त्यांच्या घरचा देव आहे तो. देव काय वॉर्डरोबमध्ये ठेवतात?"

"देवच आहे असं कुठे म्हणाल्या त्या?"

"मग दुसरं काय असणार? एवढ्या लांबून, विमानातून, भरतकामाच्या रुमालात गुंडाळून दगड कोण आणतं? आणि देताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी पाहिलंय."

डोळ्यांत पाणी होतं हे खरंच. काल संध्याकाळी आंपारोबाई आल्या तेव्हा त्यांची मुलगी, उल्काची होणारी सून इत्सेल, लॅबमध्ये अडकली होती, त्यामुळे भाषांतराला कुणीच नव्हतं. बाईंनी रुमाल सोडला, दगड उल्काच्या ओंजळीत ठेवला आणि तीन-चार वाक्यं सावकाश बोलल्या. उल्काला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिने मान हलवली, 'थँक यू, थँक यू' म्हटलं आणि मनातल्या मनात म्हणाली, हा तर वरवंटा दिसतोय. पण वरवंटा कसा म्हणायचा? ज्यांच्या हासिएंदाला चाळीस खोल्या होत्या, ते वरवंटा कशाला देतील?

हासिएंदा हा शब्द सावरखोलकरांच्या घरात मार्च महिन्यात शिरला होता. जानेवारीत उल्काच्या मुलाने, तन्मयने, लॅबमधल्या मेक्सिकन मुलीशी लग्न करणार असल्याचं सांगितलं, तेव्हा अनघाताईंनी फोनवर फक्त एक वाक्य म्हटलं होतं: "कुठली कोण, घर ना दार माहीत." त्यानंतर दोन महिने त्या फोनवर आल्याच नाहीत. मार्चमध्ये प्रबोधने मुलीचं घराणं शोधून काढलं, हासिएंदा म्हणजे आपल्याकडच्या जहागिरीसारखंच असं बहिणीला समजावलं आणि अनघाताईंचा सूर बदलला. एप्रिलपर्यंत पुण्यातल्या सगळ्या भिशी मंडळाला ठाऊक झालं, की तन्मयला जहागीरदारांची मुलगी सांगून आली आहे. सांगून वगैरे काही आली नव्हती. दोघं लॅबजवळ, क्लेमेंटीच्या एका कॉफीशॉपमध्ये रोज एकाच टेबलावर जेवत होते, एवढंच.

तेवढ्यात तन्मय आला. क्लेमेंटीहून एमआरटी, मग एलआरटी, अशा दोन रेल्वे बदलून सव्वा तासाचा प्रवास करून इस्त्रीचा कुडता हातात धरून आला होता. त्याने देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला.

"आई, हे..."

"आत्याने ठेवलंय. काय आहे रे ते? तुला माहीत असेल."

तन्मय कुडता घेऊन खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. लहानपणी मार्कांची वही लपवताना तो असाच दार लावून घ्यायचा. उल्काने ते पाहिलं, तो काहीतरी लपवतोय हे तिला कळलं, आणि तरी ती केळी चिरायला स्वयंपाकघरात निघून गेली. त्या गोष्टीची लाज तिला पुढे बरेच दिवस पुरली.

*

प्रबोध मात्र त्या दिवशी हवेत होता. पंचावन्न वर्षांचा हा माणूस एका डिलिव्हरी कंपनीत नकाशे बघायचा. कुठली इमारत कुठल्या रस्त्यावर, कुठलं नाव कुठल्या चौकाचं, हेच त्याचं काम. त्यात तो हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला माहीत होतं.

वरुणगुरुजींनी फेब्रुवारीत मेसेज केला होता. गुरुजी आठवडाभर एका बँकेचे सर्व्हर सांभाळत आणि शनिवार-रविवार सत्यनारायण, मुंज, साखरपुडा. मेसेजमध्ये होतं: 'वाङ्निश्चयात दोन्हीकडच्या तीन पिढ्या आणि मूळ गाव वाचतो. मुलीकडची माहिती कळवा.' प्रबोधने इत्सेलकडून तिच्या आजीचं नाव आणि जन्मसाल घेतलं आणि बाकीचं आपण बघतो म्हणाला. मुलीला आनंद झाला. आपल्या होणाऱ्या सासऱ्याला आपल्या आजीत रस आहे, हे तिला फार आवडलं.

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या ऑनलाइन होत्या. आजीची नोंद सापडली. आईचं नाव पेत्रा, आणि पुढे लिहिलेलं: हासिएंदा सांता रीताची. अडचण अशी, की मेक्सिकोच्या नकाशावर सांता रीता एकोणीस होत्या. मग प्रबोधने जे केलं ते खरोखर कौतुकाचं होतं. त्याने त्याच वहीतल्या मागच्या-पुढच्या दोनशे नोंदी वाचल्या. प्रत्येक मुलाच्या धर्ममातापित्यांचं, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळ हातात धरणाऱ्यांचं, गाव लिहिलेलं असायचं: एल मेस्कीते, लोस पिरूलेस, ओहो दे आग्वा. ही बारकी वाडी-वस्तीची नावं त्याने एकेक करून जुन्या नकाशावर टिंबांनी मांडली. बाळाला हातात घ्यायला माणसं फार लांबून येत नाहीत, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडेही येत नाहीत. टिंबं एका जागी गोळा झाली आणि त्यांच्या बरोबर मधोमध हालिस्को प्रांतातली एक सांता रीता सापडली. अजून उभी. दगडी कमानी, कारंजं, चाळीस खोल्या.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढचं पाऊल त्याने न बघताच टाकलं. सांता रीताची म्हणजे सांता रीतावाल्यांची. सावरखोलचे ते सावरखोलकर आणि आपण सावरखोलचे इनामदार, हे तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आला होता. गावाचं नाव लावतो त्याचंच गाव, याहून वेगळं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

साडेदहाला सगळे हॉलमध्ये जमले. घरचीच माणसं आणि वरुणगुरुजी. बाळूकाकांना, म्हणजे प्रबोधच्या धाकट्या काकांना, पंख्याखालची खुर्ची दिली होती. वय त्र्याऐंशी, अनघाताईंबरोबर सिंगापूरला पहिल्यांदाच आलेले. आंपारोबाई गडद हिरवा पोशाख घालून, खांद्यावर ओढणी घेऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या, हात मांडीवर. शेजारी इत्सेल. उल्काने नेसवून दिलेली अबोली पैठणी तिला छान दिसत होती. तिच्यासमोर पाटावर साखरेचा पुडा, हार आणि अंगठीची डबी.

"सुरू करण्याआधी पाच मिनिटं," प्रबोध म्हणाला. "पूर्वी, लाव."

तन्मयच्या धाकट्या बहिणीने, सोळा वर्षांच्या पूर्वीने, लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. "बाबा, फोर्टी-टू स्लाइड्स आहेत. फाइव्ह मिनिट्स कॅनॉट ला," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"तू पुढे सरकव फक्त."

प्रबोध इंग्रजीत बोलत होता आणि इत्सेल आईला स्पॅनिशमध्ये सांगत होती. वहीचं पान आलं तेव्हा आंपारोबाई पुढे झुकल्या आणि आईचं नाव पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. टिंबांचा नकाशा आला तेव्हा त्या भराभर बोलू लागल्या. लोस पिरूलेसला त्यांची मावशी राहायची. ओहो दे आग्वाला झरा होता, अजून आहे. प्रबोधला इतकं बरं वाटलं, की आपण नोकरी उगाच करतो, हेच करायला हवं होतं, असं त्याला वाटून गेलं.

मग कमानींचा फोटो आला. खाली प्रबोधने मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिलं होतं: 'इत्सेलचं मूळ घराणं: सांता रीताचे जहागीरदार.'

"आता इथे हॉटेल झालंय," तो म्हणाला. "पण कमानी बघा. आमच्या सुनेच्या पणजीचं घर!"

अनघाताईंनी टाळी वाजवली. इत्सेल बोलायची थांबली.

आईने तिला काहीतरी विचारलं. इत्सेलचे डोळे टीव्हीवरच होते. आईने पुन्हा विचारलं.

"आई विचारतेय," इत्सेल इंग्रजीत म्हणाली, आणि तिचा आवाज फार सपाट होता, "की तुम्ही हे घर का दाखवताय?"

"का म्हणजे? तुमचंच ना हे?"

इत्सेलने प्रबोधकडे पाहिलंच नाही. ती तन्मयकडे पाहत होती. कुडत्याच्या बाहीचं बटण लावायचं सोडून तो जमिनीकडे बघत होता.

"एक मिनिट, अंकल," ती उठली. "तन्मय, बाहेर ये."

*

बाराव्या मजल्यावरच्या लिफ्टपाशी कुणाच्या तरी कुंड्या होत्या आणि एक तीनचाकी सायकल. तन्मय कुंड्यांच्या बाजूला उभा राहिला.

"तू त्यांना सांगितलं नाहीस," इत्सेल म्हणाली.

"सांगणार होतो."

"मार्चपासून?"

त्याने तीनचाकी सायकल पायाने बाजूला सारली. त्याला पुलाउ उबीन बेट आठवत होतं. दोन वर्षांपूर्वीचा रविवार, भाड्याच्या सायकली, पत्र्याच्या छपराच्या जुन्या कांपोंग म्हणजे मलय खेडवळ घरासमोर दोघं शहाळं पीत बसले होते. त्या घराच्या पायरीवर एक म्हातारी काहीतरी कुटत होती. तिच्याकडे बघत इत्सेलने पहिल्यांदा पेत्राबद्दल सांगितलं. हासिएंदाच्या स्वयंपाकघरात पहाटे तीनपासून मका वाटायची. गुडघ्यांवर बसून, तीस वर्षं. मालकांच्या चाळीस खोल्यांपैकी एकीतही तिने कधी पाय ठेवला नव्हता, भट्टीमागे झोपायची. तन्मयने तेव्हा तिचा हात धरला होता आणि म्हणाला होता, "अशा बाईच्या पणतीशी ओळख झाली याचा मला अभिमान आहे." ते तो मनापासून बोलला होता. बेटावर, कुणी ओळखीचं नसताना, अभिमान फार सोपा असतो.

"बाबांनी स्वतःच काढलं ते," तो म्हणाला. "मी खोटं बोललो नाही. त्यांनी सांगितलं, आणि आत्या एकदम हो म्हणाली. दोन महिने ती बोलत नव्हती, इत्सेल. बाबा बहिणीच्या शब्दाबाहेर नाहीत. मला वाटलं, असू दे. कुणाचं काय बिघडतंय?"

"माझ्या पणजीचं."

"ती आता..."

"काय? मेलीये? म्हणून चालतं?"

"तसं नाही म्हणायचं मला." त्याने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "फक्त आजचा दिवस. प्लीज. आत्या सत्तरीची आहे, परवा जाईल परत. आज असू दे, मग मी एकेकाला शांतपणे सांगतो. तुझ्या आईला सांग ना, की काहीतरी गैरसमज झालाय फोटोचा."

बोलताबोलता त्यालाच स्वतःचं बोलणं ऐकू आलं. शब्द मात्र सगळे बाहेर पडून गेले होते.

इत्सेल त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही. पैठणीच्या निऱ्या तिने हाताने उचलून धरल्या, सवय नव्हती तिला, आणि एवढंच म्हणाली, "माझी आई तो दगड हँडबॅगेत घालून आणणार होती. एअरपोर्टवर हत्यार म्हणून काढून घेतील म्हणून शेवटी सामानात दिला, आणि वजनात बसवायला तिने आपले दुसरे बूट बाहेर काढले. घरी ठेवून आली बूट. कालपासून एकच जोडी घालून फिरतेय. तुला माहीत होतं तो काय आहे. आणि सकाळी तो देव्हाऱ्यात दिसल्यावरसुद्धा तू बोलला नाहीस?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं. ती आत गेली.

*

बाहेर काय चाललंय ते कळत नसताना उल्काने आत सगळ्यांना पन्हं दिलं होतं. इत्सेल येऊन आईशेजारी बसली, दोघी हळू बोलल्या. मग आंपारोबाई उठल्या आणि देव्हाऱ्यापाशी गेल्या. फूल उचलून बाळकृष्णापुढे ठेवलं. दगड दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांकडे वळून बोलू लागल्या. एक वाक्य त्या बोलायच्या, एक इत्सेल इंग्रजीत सांगायची, आणि बाळूकाकांसाठी पूर्वी त्याचं मराठी करायची.

"हा माझ्या आजीचा दगड आहे. पेत्राचा. मका वाटायचा. मी तिच्या मांडीवर वाढले, तिच्या तळहाताला इथे खड्डे होते. सांता रीताचे मालक तिला नावाने हाक मारत नसत, 'मका' म्हणून हाक मारायचे. हासिएंदा मोडली तेव्हा तिने तिथून एवढीच वस्तू आणली. आमच्याकडे असा दगड घरातल्या मोठ्या सुनेला देतात. मला सून नाही. म्हणून मी तो मुलीच्या सासूला आणला, म्हणजे माझी मुलगी कुठून आली ते या घराला कळेल."

पूर्वीचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. भाषांतर संपवून तिने लॅपटॉप मिटला, तसे टीव्हीवरच्या कमानी आणि जहागीरदार गेले.

प्रबोध उभाच होता. त्याच्या हातात लाल ठिपक्याचा पॉइंटर होता आणि ठिपका त्याच्याच पायावर पडला होता.

"म्हणजे," अनघाताई मराठीत म्हणाल्या, "म्हणजे मोलकरीण होती?"

"अनघाताई!" उल्का ओरडली.

"ओरडू नकोस. मी काय चुकीचं विचारलं? पुण्यात मी चारचौघांत काय सांगितलंय, ते ठाऊक आहे तुला? आता कुठल्या तोंडाने जाऊ?" त्या प्रबोधकडे वळल्या. "आणि तू! नकाशे बघतोस म्हणे. इनामदारांच्या घरात..."

"अनघा, पुरे," बाळूकाका म्हणाले.

काका चार दिवसांत इतक्या मोठ्यांदा बोलले नव्हते. त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "कसले इनामदार?"

"काका?"

"तुम्हा दोघांना आजोबा आठवतात ना? उजव्या खांद्यावर एवढा मोठा घट्टा होता."

"पालखीचा," प्रबोध म्हणाला. आजोबांच्या मांडीवर बसून त्याने त्या घट्ट्यावरून कितीदा बोट फिरवलं होतं. "देवाच्या पालखीला पहिला खांदा आपला, म्हणून."

"कावडीचा." काका म्हणाले. "माझे वडील सावरखोलच्या इनामदारांकडे पाणक्या होते. नदीवरून पाणी आणायचं, दिवसाला चाळीस खेपा. आठ वर्षांचे असताना कुणीतरी त्यांना तिथे आणून सोडलं. तिशीत पळून पुण्याला आले. शाळेत माझ्या दादाचं नाव घालताना आडनाव विचारलं, तर गावाचं सांगितलं. तेवढंच एक नाव माहीत होतं त्यांना. इनामदार नंतर आम्ही केलं. मी आणि तुझ्या बापाने. मुलींच्या लग्नात बरं पडतं म्हणून. आणि पालखीची गोष्ट माझी आहे. वडील समोर बसलेले असताना सांगितली होती मी, पाहुण्यांना. ते उठून आत गेले."

काकांनी पंच्याने तोंड पुसलं. "साठ वर्षं झाली. या बाईंनी दगड हातात घेऊन सांगितलं, आणि मला माझ्या बापाचा खांदा सांगता आला नाही."

अनघाताई खाली बसल्या.

पूर्वीने त्याचं इंग्रजी केलं आणि इत्सेलने आईला ते सगळं सांगितलं. मग तन्मयकडे वळली. तो दारातच उभा होता, चप्पल काढायची की नाही हे न ठरलेल्यासारखा.

"तुझे काका बोलले," ती म्हणाली. "ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. तू?"

तन्मय आत आला. आत्यासमोर उभा राहिला. इंग्रजीत बोलणं सोपं गेलं असतं. त्याने मराठीत बोलायला घेतलं.

"आत्या, बाबांची चूक नाही. त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. दोन वर्षांपासून. तू हो म्हणावंस म्हणून मी गप्प बसलो, आणि..." त्याने मान वर केली. "नुसतं तेवढ्यासाठी नाही. मला लाज वाटली. बाहेर मी अभिमान म्हणायचो, पण घरात सांगायची वेळ आली तेव्हा लाज वाटली. आता तिच्या पणजीची लाज वाटत नाहीये. माझी वाटतेय."

मग तो आंपारोबाईंकडे गेला. स्पॅनिशमध्ये त्याला धन्यवाद, पाणी आणि 'किती छान' एवढंच यायचं. त्याने वाकून नमस्कार केला आणि तसाच वाकलेला राहिला. बाईंचे हात दगडात गुंतलेले होते. त्यांनी कोपराने त्याला सरळ केलं. आशीर्वाद दिला की नाही, ते कुणाला कळलं नाही.

वरुणगुरुजी इतका वेळ पाटाशेजारी मांडी घालून बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी येऊ का पुन्हा कधी? पुढच्या महिन्यातही मुहूर्त आहेत."

सगळे इत्सेलकडे बघू लागले. तिने गुरुजींपुढचा कागद ओढून घेतला. तीन पिढ्या, मूळ गाव, दोन्ही बाजूंची. आपल्या बाजूचं 'जहागीरदार' तिने खोडलं आणि इंग्रजी अक्षरांत पेत्राचं नाव लिहिलं. पुढे एक शब्द विचारून घेतला उल्काकडून, आणि उल्काने तो स्वतः देवनागरीत लिहिला: 'वाटपीण'. मूळ गाव: सांता रीताचं स्वयंपाकघर.

मग तिने कागद आणि पेन तन्मयकडे सरकवलं.

त्याने 'इनामदार' खोडलं. काकांकडे बघत लिहिलं: हरी, पाणक्या. मूळ गाव... पेन थांबलं.

"काका, गाव?"

"सावरखोल नव्हे," काका म्हणाले. "तिथे त्यांना आणून सोडलेलं."

"मग कुठलं?" हे प्रबोधने विचारलं. त्याचा आवाज एखाद्या मुलासारखा झाला होता. "काहीतरी सांगितलं असेल. नदी, डोंगर, शेजारचं गाव. एखादं नाव, काका. एक नाव मिळालं तरी मी शोधतो."

"कधी विचारलं की उठून जायचे. मग आम्ही विचारायचं सोडलं."

एकोणीस सांता रीतांमधून एक हुडकणारा माणूस आपल्या आजोबांच्या गावापाशी येऊन कोरा झाला होता. तो पाटापाशी येऊन खाली बसला. "रिकामं ठेवा, गुरुजी," तो म्हणाला. "वाचताना तिथे थांबा."

"म्हणजे वाचू ना?" गुरुजींनी इत्सेलला विचारलं.

"नावं वाचा," इत्सेल म्हणाली. "अंगठी आज नको." तिने डबी उचलून उल्काच्या हातात दिली. "तुमच्याकडे असू दे, आंटी. मी मागेन तेव्हा द्या. किंवा मागणार नाही. मला अजून माहीत नाही."

तन्मयने मान हलवली.

आंपारोबाई तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या. नळ सोडल्याचा आवाज आला. दगडाच्या भोकांमधलं हळद-कुंकू त्या अंगठ्याने घासून घासून काढत होत्या, बेसिनमध्ये लाल-पिवळं पाणी वाहत होतं. उल्का धावत गेली, "मी करते" म्हणाली. बाईंनी तिला करू दिलं नाही. धुऊन झाल्यावर आपल्याच ओढणीचा शेव पदरासारखा घेऊन तो पुसला आणि ओट्यावर, मिक्सरशेजारी ठेवला. उल्काने मिक्सर उचलून खाली ठेवला.

दोघी बाहेर येऊन बसल्या. गुरुजींनी कागद हातात धरला आणि मोठ्याने वाचलं. पेत्रा, सांता रीताच्या स्वयंपाकघरातली वाटपीण, हिची पणती, इत्सेल. आंपारोबाईंना आपल्या आजीचं नाव कळलं आणि त्यांनी डोळे मिटले.

"हरी पाणक्या यांचा पणतू, तन्मय. मूळ गाव..."

गुरुजी थांबले. सांगितलं होतं तसे, आणि जरा जास्तच वेळ. खालून एलआरटी गेल्याचं ऐकू आलं. बाळूकाका हुंदका दाबत होते. अनघाताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि त्या स्वतः भिंतीकडे बघत होत्या.

आंपारोबाईंनी डोळे उघडले आणि मुलीच्या कानाशी काहीतरी विचारलं. गुरुजी का थांबले, हेच विचारलं असणार. या घराला आपलं मूळ गावच माहीत नाही, हे इत्सेलने दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी हात छातीशी नेला. एकेकाकडे पाहिलं, बाळूकाका, अनघाताई, प्रबोध, तन्मय, आणि एकच शब्द बोलल्या.

"काय म्हणाल्या त्या?" अनघाताईंनी विचारलं.

इत्सेलला मराठी थोडंच यायचं. तिने योग्य शब्द शोधला.

"बिचारे," ती म्हणाली. "बिचारे, म्हणाली."